ऐंशी रुपयांचा लसूण

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "व्यवसायातले अनुभव लिहा." मी विचारलं, "फजितीचे चालतील का?" त्या म्हणाल्या, "दुसरे आहेत का तुमच्याकडे?" यवतमाळ हे असं गाव आहे. इथे माणसाची कीर्ती त्याच्या आधी पोचलेली असते.

तर धंदा काय होता ते आधी सांगतो. पंचवीसेक वर्षं मी जिल्हाभरच्या दुकानांना बिलं काढायचे कॉम्प्युटर बसवून दिले. माझा गाळा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका डाळमिलच्या अगदी मागे. मिल सुरू झाली की तुरीचा भुगा खिडकीतून आत यायचा आणि दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसायचा. झाकण उघडलं की आत पसाभर चुरी. माझी बायको सुनंदा म्हणायची, "याच्यापेक्षा गाय पाळली असती, तं दूध तरी भेटलं असतं."

साठीला टेकल्यावर माणसं तीर्थाला जातात, निदान गुडघ्यांना तेल तरी लावतात. मी ॲप काढलं. नाव ठेवलं 'कितीले'. आमच्याकडे बाजारात 'केवढ्याला' असं कोणी विचारत नाही, 'कितीले' विचारतात. कुठल्या दुकानात साखर, डाळ, तेल काय भावानं आहे ते घरबसल्या फोनवर दिसावं, आणि गिऱ्हाइकानं स्वस्त असेल तिथे जावं, एवढीच कल्पना.

ही ॲपची भानगड बाहेरून मोठी वाटते. आतून ती फक्त तीन गोष्टींची असते. वस्तूंची एक यादी, दुकानांची एक यादी आणि दोन्हींच्या मधे बसणारा आकडा. याद्या एकदा केल्या की झाल्या. आकडा मात्र रोज ताजा लागतो. काल सांगितलेला भाव आज सांगितला तर दुकानदार शिव्या देतो आणि न सांगितला तर गिऱ्हाईक. त्यामुळे माझ्या दिवसाची सुरुवात शिव्यांनी व्हायची, फक्त त्या कोणाच्या एवढंच बदलायचं.

सुनंदानं ते ॲप एकदाही वापरलं नाही. मी एकदा रागावून विचारलं तर म्हणाली, "मी कायले पाहू? समोरच्या दुकानात गेली की भाव बी समजते अन् कोणाच्या पोरीचं जमलं ते बी समजते. तुमच्या ॲपवर समजते काय?"

"नाही समजत," मी कबूल केलं.

"मग टाका ना ते बी त्याच्यात."

पहिली फजिती यादीतच झाली. वस्तूंची यादी मी पुण्याच्या ओळखीच्या पोरांच्या एका कंपनीकडून आयती घेतली होती. कष्ट वाचले म्हणून खूश होतो. त्या यादीत कोथिंबीर होती. आता आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कोथिंबिरीला कोथिंबीर कोणी म्हणत नाही. आमचा तो सांभार. आलूची भाजी झाली की वरून सांभार. लोकांनी फोनवर 'सांभार' लिहून शोधायला सुरुवात केली आणि ॲपनं इमानेइतबारे जवळचा शब्द काढून दिला : सांबार मसाला. सर्वांत स्वस्त कुठे? महागावच्या एका किराणा दुकानात.

तिसऱ्या दिवशी त्या दुकानदाराचा फोन. "भाऊ, सकाळपासून सात बाया येऊन गेल्या. सांभार द्या म्हणते. मी पुडी दाखोतो तं माह्याच अंगावर येते. म्हणते हिरवा कुठी हाय? माह्या दुकानात तं पालकाची काडी बी नाई!"

मी म्हटलं, दुरुस्त करतो, दोन दिवस द्या. दोन दिवसांनी दुरुस्त करून फोन केला तर गडी म्हणाला, "राहू द्या आता. म्या बादलीत पाणी टाकून दुकानापुढे सांभार ठेवला. चांगला खपून राह्यला."

माझ्या चुकीवर कोणी धंदा वाढवल्याचं हे एकच उदाहरण. बाकी सगळ्यांचं नुकसानच झालं.

महागावातच दोन सख्ख्या भावांची समोरासमोर दुकानं होती. वाटण्या झाल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. माझं ॲप आलं आणि दोघांना बोलायची सोय झाली. थोरल्यानं साखर एक रुपयानं उतरवली की धाकटा फोनवर पाहून दीड रुपयानं उतरवायचा. मग थोरला पुन्हा. आठ-दहा दिवसांत साखर घाऊक भावाच्या खाली गेली आणि महागावच्या चहाच्या टपऱ्यांवर चहा भलताच गोड झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय तोच एके दिवशी दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर डबल सीट लोहाऱ्यात हजर.

"आमाले दोघाईलेही काढा तुमच्या त्या मोबाईलातून," थोरला म्हणाला.

"दोघाईलेही, सोबतच," धाकटा म्हणाला. "अंधी याले अन् मंग मले, असं नोका करू."

इतक्या वर्षांनी त्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ती गोष्ट म्हणजे मी. चहा पाजून दोघांची नावं काढली. गेटबाहेर पोचेपर्यंत जातानाचं पेट्रोल कोणी भरायचं यावरून त्यांचं पुन्हा सुरू झालं होतं.

पण या झाल्या हसून विसरायच्या गोष्टी. जी विसरता येत नाही ती लसणाची.

झालं असं की दुकानांचे भाव नीट जमू लागल्यावर मला हाव सुटली. म्हटलं, आता आठवडी बाजारही ॲपवर आणू. सुरुवात घाटंजीपासून. तिथे बचत गटाच्या प्रमिलाताई होत्या, चुणचुणीत बाई. त्यांना काम दिलं. बाजारात फिरायचं, दहा-बारा विकणाऱ्यांची नावं आणि फोटो घ्यायचे, भाव विचारायचा आणि फोनवर भरायचा. फोनवरच्या त्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता : भाव. पुढे 'रुपये किलो' हे ॲप आपोआप जोडायचं. दुकानांत सगळं किलोवरच चालतं, पाट्यासुद्धा किलोच्याच असतात. म्हणून मी तसंच बनवून ठेवलेलं.

आता आमच्या बाजारात खाली पाल, म्हणजे ताडपत्री, टाकून बसलेल्या बाईनं 'वीस' म्हटलं तर ते पावाचे असतात. पाव म्हणजे पाव किलो, चहात बुडवायचा नव्हे. हे ती सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मी स्वतः जन्मभर त्याच बाजारात पिशवी घेऊन फिरलो. 'वीस' ऐकून किलोचे समजलो, असं एकदाही घडलं नाही. पण का कोण जाणे, कॉम्प्युटरपुढे बसलो की मी पुण्याचा होतो.

प्रमिलाताईंनी भाव भरले. टमाटर दहा. वांगी पंधरा. लसूण ऐंशी. मी पडद्यावर पाहिलं आणि आनंदानं उडालोच. बाजार दुकानांपेक्षा इतका स्वस्त! नेमकं त्याच आठवड्यात एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. तिथे मी ठोकून दिलं की मधले दलाल काढून टाकले की भाव थेट चौथाईवर येतो आणि याचा पुरावा माझ्या ॲपमध्ये आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे आदल्या दिवशीच भाजी घेऊन घरी गेलेले असणार.

शंका आली ती एकट्या सुनंदाला. घरी मी भाषण पुन्हा करून दाखवत होतो तेव्हा ती म्हणाली, "बरोबर चौथाईवरच कसा येते हो? टमाटर चौथाई, वांगे चौथाई, लसूण बी चौथाई. साऱ्याइनं मिळून ठरोलं काय?"

मी म्हटलं, "याला बाजारशास्त्रात थेट विक्रीचा सिद्धांत म्हणतात." असा कुठलाही सिद्धांत नाही. तो मी तिथल्या तिथे तयार केला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वरणाला फोडणी घातली.

ॲपमध्ये आणखी एक करामत होती. रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर घंटी वाजून एक निरोप जायचा : आज सर्वांत स्वस्त काय आणि कोणाकडे. ती निवड ॲप स्वतःच करायचं, मला विचारायचं नाही. त्या दिवसांत लसूण असा महागला होता की लोक भाजीत तो मोजून टाकत होते. दुकानात साडेतीनशे रुपये किलो. आणि घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी जिल्हाभर घंटी वाजली : 'गावरानी लसूण, ८० रुपये किलो. शेवंताबाई राठोड, घाटंजी बाजार.' सोबत शेवंताबाईंचा हसरा फोटो.

शेवंताबाई घाटंजीजवळच्या एका तांड्यावरच्या. विहिरीजवळच्या तुकड्यात दरवर्षी लसूण लावायच्या, वेण्या बांधून बाजारात आणायच्या. वीसेक वर्षं त्यांची जागा ठरलेली, कडुनिंबाखाली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी त्या माझ्यासाठी यादीतली एक ओळ होत्या.

अकराच्या सुमारास प्रमिलाताईंचा फोन आला. मला वाटलं अभिनंदनाचा असेल.

"भाऊ, तुम्ही लसणाचं काय लिवलं?"

"ऐंशी."

"ऐंशी काय?"

"रुपये."

"ते मले समजते जी! ऐंशी रुपये पाव का किलो?"

मी पडद्यावरची यादी पुन्हा उघडली. डाळमिलचा आवाज तेवढा चालू. मग माझ्या डोक्यात टमाटर, वांगी आणि लसूण अशी तिन्ही चौथाई एका रांगेत येऊन उभी राहिली.

"किलो," मी म्हणालो.

"होव बाप्पा!" प्रमिलाताई म्हणाल्या. "तुम्ही भाव इचारा म्हणलं, म्या इचारला. पाव का किलो हे कोणी इचारते काय? शेंबड्या लेकराले बी माहीत हाय. आता लवकर या. इकडे शेवंताबाईले लोक खाऊन राह्यले."

मी आधी ॲपमधला भाव खोडला, मग गाडी काढली. घाटंजीला पोचलो तेव्हा कडुनिंबाखालची जागा रिकामी होती. लसणाची थोडी सालं पडलेली होती, बस. काय घडलं ते प्रमिलाताईंनी उभ्याउभ्या सांगितलं. सकाळपासून माणसं येत होती, गाड्यांवर, ऑटोत, दुरून दुरून. प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनवर शेवंताबाईंचा फोटो. "ऐंशी पाव," असं बाईंनी म्हटलं की माणूस फोन पुढे करायचा. यवतमाळहून एक खानावळवाला रिकामं पोतं घेऊन आला होता. तो सगळ्यांत जास्त भडकला. फोटो तुमचा, नाव तुमचं, आता गिऱ्हाईक पाहून भाव चौपट करता काय? भर बाजारात त्यानं त्यांना चोट्टी म्हटलं. बाईंनी दोन वेळा सांगून पाहिलं, मग पाल गुंडाळली आणि भरलेली टोपली घेऊन निघून गेल्या.

आम्ही दोघं तांड्यावर गेलो. शेवंताबाई ओट्यावर वेण्या सोडून लसूण पुन्हा पसरत होत्या. प्रमिलाताईंनी माझी ओळख करून दिली, "हेच ते मोबाईलवाले." त्यांनी मला आपादमस्तक पाहून घेतलं. मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, तांत्रिक अडचण, क्षमस्व वगैरे. ते सगळं त्यांच्या पाहण्यात विरून गेलं.

"माह्याच तोंडाचा फोटो लोक मलेच दाखोत होते," त्या म्हणाल्या. "म्या तुले कधी किलोचा भाव सांगतला होता, भिया?" त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. शिवी दिली असती तर कमी लागली असती.

"नाही सांगितला. चूक माझी आहे. मी तुमचं नाव आणि फोटो आजच काढून टाकतो."

"काहून?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

"अन् मंग लोक काय म्हणतीन? चोट्टी होती म्हणून काढली, असंच ना?" त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. "वर्सातून एकडाव लसूण निघते. पाच-सहा बाजारात इकते. अजून चार बाजार राह्यले. आता मी बसू का नोको? बसली तं म्हणतीन, आली पाह्य तोंड घेऊन. नाही बसली तं म्हणतीन, पाह्य, पळाली."

मी म्हटलं, सगळ्या फोनवर दुसरा निरोप पाठवतो. चूक दुकानाची... म्हणजे विकणाऱ्याची नाही, आमची आहे, असं स्पष्ट लिहितो.

"मले चोट्टी म्हणलं ते मोबाईलानं म्हणलं काय? मानसानं म्हणलं. तोंडानं म्हणलं." त्या शांतपणे बोलत होत्या, तेच वाईट होतं. "तू बी तोंडानं सांग. पुढच्या बाजाराले मी बसते. तू माह्याजवळ बस. जो येईन त्याले सांग."

"दिवसभर?"

"बाजार दिवसभरच राह्यते, भिया."

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल या वयात कुठे उन्हात बसता. ती म्हणाली, "डबा देऊ का तिथीच जेवसान?"

पुढच्या बाजारी सकाळीच मी कडुनिंबाखाली हजर झालो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, ही आणखी एक चूक. शेवंताबाईंनी मला एका घडी केलेल्या पोत्यावर बसवलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, फोन पुढे करून म्हणालं, मागच्या बाजारी तुम्ही... मी उठून उभा राहिलो आणि निवेदन सुरू केलं : नमस्कार, मी 'कितीले' या ॲपचा निर्माता, आमच्या माहिती-संकलनात एकक नोंदवताना... माणूस निम्म्यातच वांग्यांकडे निघून गेला.

"काय सांगून राह्यला तू?" शेवंताबाई म्हणाल्या. "मलेच नाही समजलं. त्याले काय समजीन?"

दुसऱ्याला थोडक्यात सांगितलं, तिसऱ्याला आणखी थोडक्यात. दुपारपर्यंत माझं भाषण घासून-घासून पाच शब्दांवर आलं : "चूक माझी. ऐंशी पावाचे होते." आयुष्यात मी केलेलं तेवढंच एक निर्दोष काम. लोक हसायचे, कोणी म्हणायचं, "मोबाईल सोडून लसूण इकाले बसले काय जी?" एका कापडाच्या दुकानदाराला मी कधीकाळी कॉम्प्युटर बसवून दिला होता. तो दुरून पाहत राहिला, मग जवळ येऊन त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "सायेब, घरी सगळं बरं हाय ना?"

गर्दी वाढली तेव्हा मी मोठ्या हुशारीनं वजन करायला घेतलं. काटा बरोबर पाव दाखवीपर्यंत एकेक गड्डा ठेवून, एक काढून. शेवंताबाईंनी माझ्या हातातून पिशवी घेतली, वर दोन गड्डे आणखी टाकले आणि बाईला दिली.

"हे वरचे दोन तुह्या मोबाईलात कुठी लिवतं?" त्यांनी मला विचारलं.

खरंच, त्याला रकाना नव्हता. पुढे मी पाव, किलो, नग, जुडी असे सगळे रकाने केले, सांभारही घातला. वरच्या दोन गड्ड्यांचा रकाना मला शेवटपर्यंत बनवता आला नाही. आता तर ॲपच बंद आहे. दुकानदार आपापले भाव व्हाट्सॲपवर स्वतःच टाकतात आणि माझ्यापेक्षा कमी चुका करतात.

त्या दिवशी चारपर्यंत निम्मा लसूण गेला. लोक बोलत होते, घेत होते. पण शेवंताबाई मधेच मान वर करून रस्त्याकडे पाहायच्या. ज्यानं सगळ्यांदेखत चोट्टी म्हटलं होतं तो माणूस आला नव्हता, आणि तो येईपर्यंत बाकीच्यांना सांगून काही उपयोग नव्हता, हे मला त्यांनी न बोलता कळत होतं.

ऊन कलल्यावर एक गाडी थांबली. मागे पोतं बांधलेलं. प्रमिलाताई शेजारच्या पालीवरून कुजबुजल्या, "आला." खानावळवाला तसा साधाच माणूस निघाला, टक्कल पडलेला, घामेजलेला. तो सरळ पुढे आला नाही. दोन पाली सोडून उभा राहून ऐकत होता. मी कोणालातरी माझे पाच शब्द सांगत होतो. ते त्यानं ऐकले, पुढच्याला सांगितले तेही ऐकले. मग जवळ आला.

मी उभा राहिलो. "चूक माझी. ऐंशी पावाचे..."

"ऐकलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता शेवंताबाईंना म्हणाला, "मावशी, म्या त्या दिवशी साऱ्याइच्या समोर..." पुढचा शब्द त्याला सापडेना. हातातलं पोतं तो उगाच उलगडत राहिला.

शेवंताबाईंनी त्याला शब्द शोधू दिला नाही. "किती पायजे?"

"चार किलो."

त्यांनी वजन केलं. वर गड्डे टाकले, दोन नव्हे, चांगली ओंजळभर. त्यानं घासाघीस केली नाही. पोत्याचं तोंड बांधत असतानाच बाजूला एक नवरा-बायको येऊन उभे राहिले. नवऱ्यानं फोन काढला आणि म्हणाला, "याच्यावर तं ऐंशी किलो आल्तं ना?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी खानावळवालाच वळला.

"पाव हाय ते, पाव! किलो कुठचा? मोबाईलवाल्यानं चुकीचं लिवलं होतं. मावशीनं पैल्यापासून पावच सांगतला." एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या मिरच्यांच्या पालीवरची माणसंही वळून पाहायला लागली. आणि मग तो गेलाच नाही. पोतं गाडीला टेकवून उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगू लागला.

शेवंताबाई थोडा वेळ ऐकत बसल्या. मग माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या.

"भिया, आता तू ऊठ," त्या म्हणाल्या. "तुह्यानं गिऱ्हाइकाले उभं राहाले जागा नाही."